शेवंतीचा मधला ओटा

गोव्यातल्या चोपड्यात नदीकाठाला जी घरं आहेत, त्यांतल्या एका घराच्या स्वयंपाकघरात मधोमध एक ओटा आहे. भिंतीला कुठेही न चिकटलेला, चारी बाजूंनी फिरता येईल असा. तो बांधला त्या पावसाळ्यात गावाने त्याची थट्टा केली, पुढे थट्टेचाही कंटाळा आला. आता त्या घरात कोणी नवं माणूस आलं तरच त्या ओट्याबद्दल बोलणं निघतं. ओट्यावर चार दगड आहेत, चार रंगांचे. एक कोळशासारखा काळा, एक काळाच पण आत चमचम असलेला, एक विटकरी आणि एक हिरवट राखाडी. दिसायला ठिगळ लावलेल्या गोधडीसारखा. पण शेवंतीने तो बांधला तो दिसण्यासाठी नव्हेच.

शेवंती मूळची डिचोलीकडची. लग्न होऊन चोपड्याला आली तेव्हा तिच्या हातात एकच गुण होता, पण तो पक्का होता. नेवरीची, म्हणजे करंजीची, मुरड. लोक नेवरीची कड कातण्याने कापतात; शेवंती बोटांनी दुमडत नेते, दोरीला पीळ घालावा तशी, आणि तळताना तिची एकही नेवरी कधी तोंड उघडत नाही. सासरच्या घरी चवथीचा गणपती बसतो. भाऊबंद नोकऱ्यांपायी पांगले, तरी गणपती एकच, याच घरातला. आदल्या दिवशी, म्हणजे तयेच्या दुपारी, घरच्या बायका स्वयंपाकघरातल्या तांबड्या जमिनीवर गोल बसतात. मध्ये कणकेची परात, खोबऱ्यागुळाच्या चुनाचं भांडं, आणि भोवती प्रत्येकीचा आपापला पाट. त्या घरात एक रीत आहे. सून ज्या पाटावर लग्नाला उभी राहिली, तो पाट तिच्याबरोबर सासरी येतो आणि जन्मभर तिचाच राहतो. त्यावर ती जेवते, त्यावर बसून चवथीचं करते. दुसरी कोणी त्यावर बसत नाही.

वर्षभराची बातमी त्या गोलात एकमेकींना कळते. कोणाच्या पोराचं कुठे जुळलं, कोणाची म्हैस आटली, कोण कोणाशी का बोलत नाही. नेवऱ्या हे निमित्त म्हणायला हरकत नाही, पण नेवऱ्या नसत्या तर गोल नसता.

शेवंतीचा उजवा गुडघा पन्नाशी ओलांडल्यावर गेला. म्हापशाच्या डॉक्टरने चित्र काढून बघितलं आणि सांगितलं, चाला, उभ्या राहा, कामं करा, पण खाली बसू नका, मांडी तर विसराच. शेवंतीने ते घरी येऊन नवऱ्याला, सगुणला, सांगितलं. सगुण तुयेच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला. कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "मगे खुर्चेर बस."

त्या चवथीला ती खुर्चीवर बसली. प्लास्टिकची खुर्ची, गोलाच्या बाहेर, दाराजवळ. मोठ्या जावेने, सुलोचनेने, तिच्या मांडीवर ताट दिलं आणि ताटात बेदाणे. "तू ह्ये निवड. आमी आसंव मां." शेवंतीने बेदाणे निवडले. ते लवकर संपले. खाली हसण्याची लाट उठे तेव्हा ती वाकून विचारी, "काय गे, काय झाला?" आणि कोणीतरी मान वर करून सांगे, "काय नाय गे." सांगण्यासारखं खरंच काही नसे. हसण्याची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की ती गोष्ट राहत नाही. त्या वर्षीच्या निम्म्या नेवऱ्यांनी तेलात तोंडं उघडली.

तिचा पाट भिंतीला टेकून उभा होता, तो तसाच उभा राहिला.

पुढच्या हंगामात शेवंती मांद्र्याच्या एका गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकाला लागली. समुद्राच्या अंगाला बांधलेलं, पर्यटकांचं. तिथल्या स्वयंपाकघरात मध्यभागी ओटा होता. पाहुणे आणि मालक त्याला आयलंड म्हणत. शेवंतीला आधी ते विचित्र वाटलं, वाटेत कपाट आडवं घातल्यासारखं. मग एक दिवस ती तिथे कणीक मळत होती, समोर एक मुलगी उभ्याने कांदा चिरत होती, बाजूला वेटर पाव कापत होता, आणि तिघांचं बोलणं चाललं होतं. शेवंतीचा हात थांबला. तिच्या घरी गॅसचा ओटा होता, सगळ्यांच्याच घरी असतो तसा, भिंतीला. त्याच्याशी उभं राहिलं की तोंड भिंतीकडे आणि पाठ माणसांकडे. इथे उभं राहूनही तोंड माणसांकडे होतं.

तिने केसांचा नाडा सोडला, ओट्याच्या कडेपासून जमिनीपर्यंत धरला आणि जिथे जमीन लागली तिथे गाठ मारली.

घरी येऊन तिने सगुणला सांगितलं. सगुण बराच वेळ चहात पाव बुडवत राहिला.

"आयलंड म्हणजे बेट गो," तो म्हणाला. "रांदच्या कुडीत बेट कित्याक?"

"बेट नाय. ओटो. मदलो ओटो."

"बाजारातला मेज घे मगे. चार पायांचा."

"कणीक मळताना मेज हलता. पावसात फुगता. आणि वाळवी काय तुजी मावशी?"

सगुणने पाव संपवला. पाव संपेपर्यंत तो विरोध करी, हे शेवंतीला ठाऊक होतं.

पैसे ओतून करायची गोष्ट नव्हती, मग ती गोळा करून करायची ठरली. शेजारी विमला राहते, सगुणच्या चुलतभावाची बायको. तिच्या कुंपणाच्या कामातून उरलेले जांभ्याचे चिरे मागच्या दारी घाणेरीच्या जाळीत पडून होते, शेवाळ धरलेले. विमला म्हणाली, "ने गे, तेंच्याखाली पुरसां जातत रवाक." फुरसं काही निघालं नाही. एक बेडूक निघाला आणि पुष्कळ गोगलगायी. चिरे धुऊन पडवीत रचले तेव्हा पडवी तांबडी झाली.

वरच्या दगडाचं अडलं. ग्रॅनाइटची लादी अंगाबाहेरची होती, आणि साधा कडाप्पा घेतला तर लिंबाचा डाग बसतो. तुयेच्या रस्त्याला एक ग्रॅनाइट कापणारा बसतो. सगुण कामावर जाता-येता त्याच्याकडचा ढीग बघत असे. लोक ओटा करून घेतात, ओट्यात सिंक बसवायला भोक पाडावं लागतं, आणि त्या भोकातून निघालेला चौकोन कोणालाच नको असतो. असे चौकोन तिथे पत्त्यांसारखे पडलेले. कापणारा म्हणाला, उचला, मला जागा होते. सगुणने आकाराला आकार जुळणारे चार निवडले. रंग जुळले नाहीत. चार वेगवेगळ्या घरांतल्या चार भोकांतले दगड स्कूटरवरून, एका खेपेला एक, गोणपाटात गुंडाळून, शेवंतीच्या घरी आले.

बांधायचं कसं हे सुभाषने सांगितलं. सुभाष बेळगावकडचा गवंडी, विमलाच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारा. तो चहाला आला, चार दगड जमिनीवर मांडून त्यांच्याकडे बघत बसला.

"तीन भिंती घाला वैनी," तो म्हणाला. "दोन कडेला, एक मधी. दगडाचं टोक भिंतीवर आलं पाहिजे, हवेत नको. खाली तुमची जमीन पक्की हाय नव्हं, खणू नका."

"तू घालशी?"

"मी घातली तर मजुरी घीन की," सुभाष हसला. "तुम्हीच घाला. चिरे तासून देतो, आणि लेवलची नळी ठेवून जातो."

त्या पावसाळ्यात सगुणच्या सुट्टीच्या दिवसांना त्या घरातून सिमेंट कालवण्याचा आवाज येई. शेवंती खुर्चीवर बसून सिमेंट देई, सगुण चिरा बसवी. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोघांनी दोन टोकांना धरायची आणि पाणी दोन्हीकडे सारखं आहे का बघायचं. संसाराला इतकी वर्षं झाली होती, पण एकाच गोष्टीकडे दोघांनी एवढा वेळ बघण्याची ही पहिलीच वेळ असावी. नाड्याची गाठ जिथे येत होती तिथे भिंती थांबल्या. वर चार दगड बसले, सांध्यांत पांढरं सिमेंट भरलं, आणि भिंतींमध्ये दोन कोनाडे राहिले. एकात तांदळाचा डबा आणि लोणच्याचा चिनीमातीचा बुयांव गेला. दुसरा रिकामा राहिला.

ओटा वाळला. शेवंतीने पहिल्या दिवशी त्यावर भाकरी थापायला घेतली आणि दोन भाकऱ्यांतच तिचा खांदा भरून आला. ती थांबली. पुन्हा थापून बघितलं. हात वरून पडायला हवा तो समोरून पडत होता. कोपर बरगडीपासून सुटत होतं. पिठावर भार येत नव्हता.

तिने नाडा आणून माप घेतलं. गाठ बरोबर जमिनीला टेकली. माप तंतोतंत होतं.

दुसऱ्या दिवशी मांद्र्याला तिथल्या ओट्याशी उभी राहून तिने खाली बघितलं, आणि तिला कळलं. तिच्या पायांत बूट होते. तिथे फरशी ओली असते, कोणी घसरू नये म्हणून मालकाने सगळ्यांना जाड रबरी तळाचे बूट दिले होते. चांगले दोन बोटं जाड. आधी तिला त्या बुटांची लाज वाटे, पुढे सवय झाली, आणि सवय झालेली वस्तू मापात धरायची राहून जाते. घरी तिचे पाय अनवाणी. स्वयंपाकघरात चप्पल घालून जाणारी बाई त्या घरात अजून जन्माला आली नव्हती.

दोन बोटं. लाकडाचं असतं तर सगुणने पाय कापून दिले असते. चिऱ्याचे पाय कोण कापणार?

एका संध्याकाळी सगुण कामावरून लवकर आला तर शेवंती बूट घालून मधल्या ओट्याशी उभी. धुतलेले, पुसलेले, पण बूट. समोर कणीक होती आणि हात सुरेख चालत होते. तो दारात थांबला.

"चवथीक काय करतलंय?" त्याने विचारलं.

शेवंतीने बूट काढून पिशवीत घातले. तेच तर तिच्या मनात होतं. सुलोचना तर तिच्याहून वीतभर बुटकी. बांधणारीलाच ओटा उंच, तिथे बाकीच्या कशाला उभ्या राहतील? आणि जमिनीवरची गोलाची जागा तर ओट्याने खाऊन टाकली होती. म्हणजे त्यांना बसायला जागा नाही आणि तिला उभं राहायला सोबत नाही, असं काहीतरी तिने आपल्या हाताने, स्वतः सिमेंट देऊन, बांधून ठेवलं होतं.

तयेच्या दिवशी सुलोचना आली. डिचोलीत तिच्या नवऱ्याची नोकरी, तिथेच घर. सोबत नवी सून सुविधा. पिशव्या पडवीत ठेवून सुलोचना स्वयंपाकघराच्या दारात आली आणि उंबऱ्यावरच उभी राहिली.

"ह्या काय गे, शेवंती?"

"मदलो ओटो, वयनी."

"दिसता माका. मगे आमी बसाचा खंय? ह्या कोनाड्यात?"

विमला मागून आली होती. ती म्हणाली, "कोनाड्यात तांदूळ आसा. जागा नाय थंय."

"उबी रवान करूया म्हटलां," शेवंती म्हणाली.

"उबी रवान नेवऱ्यो?" सुलोचनेने सुनेकडे बघितलं, जणू सुनेने असलं काही शिकू नये. "देवाचा करताना बसाक होया. उबी रवान हाटेलात करतत."

सुलोचनेने आपला पाट घेतला, ओटा आणि मागचं दार यांच्यामध्ये जी पट्टी उरली होती तिथे टाकला आणि बसली. विमला तिच्या शेजारी बसली. सुविधा सासूच्या दुसऱ्या बाजूला. गोल झाला नाही, तिघींची ओळ झाली, मांडवात पंगत बसते तशी. चून खाली गेलं, परात खाली गेली. शेवंतीला तिच्या वाटणीची कणीक वर मिळाली.

बाहेर सोप्यावर सगुण आणि त्याचा भाऊ गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटोळी बांधत होते. रानफळांच्या घोसांचा, कांगलांचा, ओल्या सुपारीचा वास आत येत होता. शेवंती अनवाणी उभी राहून लाटत होती. पाती जाड होत होती. मुरड घालताना बोटांना जोर मिळत नव्हता. खाली सुलोचनेने काहीतरी सांगितलं आणि विमला फस्सकन हसली. शेवंतीने ओट्यावरून वाकून बघितलं. तिला तीन डोकी दिसली, तीन भांग.

"काय गे?" तिने विचारलं.

"काय नाय गे," विमला म्हणाली.

शेवंतीने लाटणं ठेवलं. भिंतीजवळ गेली. तिचा पाट तिथे उभा होता, फणसाचा, कोपऱ्यांना पितळी फुल्या, खाली दोन आडव्या पट्ट्यांचे पाय. बसायला काढावा म्हणून तिने तो उचलला नव्हता, आणि कशासाठी उचलला हे तिलाही उचलल्यावरच कळलं. तिने पाटाच्या उंचीवर बोटं धरली. दोन.

पाट तिने ओट्याशी आणून ठेवला, विटकरी दगडाच्या बाजूला, त्याला हात लावून नमस्कार केला आणि त्यावर उभी राहिली.

खाली तिघींनी माना वर केल्या. पाटावर उभं राहतात ते एकदाच. त्यानंतर पाट बसण्याचा.

"शेवंती!" सुलोचना म्हणाली. "पाटार उबी? ह्या वयात लगीन लावतंय काय?"

शेवंतीने पाती उचलली, हातावर घेतली, चून भरलं. कोपर बरगडीशी आलं होतं. "लावतंय," ती म्हणाली. "तुमच्या दिराक बोलवा. थंयच आसा माटोळीखाली. अंतरपाट धरूक पंचो आसाच खांद्यार."

आधी हसली ती सुविधा. नव्या सुनेने सासूसमोर असं हसू नये, पण तिला आवरेना. तिचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, तिच्या पाटावरची हळदही पुसली नव्हती. ती उठली, पाट उचलला आणि हिरवट दगडाच्या बाजूला ठेवून त्यावर चढली. "काकी, माझं लग्न जास्त ताजं आहे. मला हातानं मुरड शिकवा."

"शिक गे बाय," विमला म्हणाली. मग कंबरेवर हात ठेवून उठली. "माजी कंबर सकाळधरना बोंबलता. कोणी विचारल्यान नाय." तिने पाट सरकवून काळा दगड धरला.

परात वर गेली. चून वर गेलं. सुलोचना खाली एकटी राहिली, तिच्यापुढे जे होतं ते संपेपर्यंत लाटत राहिली. वर सुविधाला पहिली मुरड जमली नाही, विमलाने तिला मंगळुरी कौलाची उपमा दिली, आणि तिघी हसल्या.

"काय गे?" सुलोचनेने खालून विचारलं.

कोणी उत्तर द्यायच्या आत शेवंतीच म्हणाली, "वर येवा वयनी, थंयसून सांगलेला कळणा नाय."

सुलोचनेने लाटणं वर ओट्यावर सरकवलं. मग तिने एक हात वर केला, चमचमत्या दगडाची कड पकडली आणि उठायला लागली. ते उठणं सोपं नव्हतं. गुडघ्यात एक आवाज झाला, वाळलेली काटकी मोडावी तसा. तो आवाज शेवंतीच्या ओळखीचा होता. तिने मान खाली घालून मुरडीकडे लक्ष दिलं, आणि सुलोचनेने ती मान खाली गेलेली बघितली.

सुलोचना आपल्या पाटावर चढली. ओटा तिच्या छातीशी आला.

"सासूबायचो पाट खंय आसा गे?" तिने विचारलं. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा पाट माळ्यावर होता, कोणी त्यावर बसत नव्हतं. सुविधा तो घेऊन आली. सुलोचनेने तो आपल्या पाटाखाली ठेवायला लावला, वर नाही, खाली, म्हणजे त्यावर पाय पडणार नाही. मग दोन पाटांवर उभी राहून तिने सगळ्यांकडे बघितलं. आता सगळ्यांत उंच पाट तिचा होता.

"हां," ती म्हणाली. "आता कोण काय म्हणत होता?"

मग विमलाने मघाची कौलाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. चार दगडांवर चार लाटणी फिरत होती. शेवंतीची मुरड पुन्हा दोरीसारखी पडायला लागली होती. तिने मान वर केली की समोर तोंडं दिसत होती.

गॅसवर मोठी कढई होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तेलाचा धूर यायला लागला तेव्हा सुलोचनेनेच नाक वर केलं.

"तेल कोण बगता गे?"

चौघींनी एकमेकींकडे बघितलं. पाटावरून उतरायला कोणीही तयार नव्हती.

"आयकलात?" शेवंतीने सोप्याकडे हाक दिली. "न्हालात मां? तर येवा आत. तळणाक."

सगुण आला. माटोळीची पानं त्याच्या डोक्यात अडकली होती. त्याने पाच पाट बघितले, चार बायका बघितल्या. मग झारा घेऊन तो गॅसच्या ओट्याशी उभा राहिला, तोंड भिंतीकडे, पाठ माणसांकडे. मागे हसण्याची लाट उठली की तो मान वळवून विचारी, "काय गो, काय झाला?"

"काय नाय," चौघी म्हणत.